दादाचे गुहेतले शार्क

मला शार्कचे सिनेमे आवडत नाहीत. तरी जवळजवळ दीड वर्ष मी दर रविवारी दुपारी शार्कचा एक सिनेमा पाहिला, आणि तोही साधा नाही, पाण्याखालच्या गुहेतला. या एका विषयावर इतके सिनेमे निघाले असतील असं मला वाटलं नव्हतं. निघाले आहेत. सगळ्यांत गोष्ट तीच. पाच-सहा तरुण पोरंपोरी, पाठीवर हवेच्या टाक्या, कपाळावर दिवे. गुहेच्या तोंडाशी दोरी बांधायची आणि ती सोडत सोडत आत शिरायचं. आत गेलं की दगड कोसळतो, दोरी तुटते, हवेचा काटा लाल रेघेकडे सरकायला लागतो. मग शार्क. गुहेत शार्क आला कुठून, हे कोणी विचारत नाही. हिंदीत डब केलेला एक पोरगा ओरडतो, "वापस मुडो, वापस मुडो," आणि तोच सगळ्यांत आधी जातो.

हे सिनेमे माझ्या मोठ्या भावासाठी लागायचे. दादाला अजिबात ऐकू येत नाही. तरी टीव्हीचा आवाज पूर्ण लागायचा, कारण टीव्हीखालच्या लाकडी टेबलावर तळहात ठेवून तो बसायचा. आवाज हाताला लागतो, म्हणायचा. प्लॅस्टिकची खुर्ची टीव्हीला चिकटवून, आमच्याकडे पाठ करून. आम्ही नवरा-बायको त्याच्या मागे सोफ्यावर. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा चिडून वर आले. दार दादानेच उघडलं. त्यांचं बोलणं त्याने शेवटपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत समजून घेतलं आणि म्हणाला, "मना ऐकू न्हाय येत. तुमाला येतंय ना? मग तुमीच कान झाका." ते पुन्हा वर आले नाहीत, पण जिन्यात त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

एकदा मी त्याला विचारलं, गुहेतलेच का? समुद्रातल्या शार्कचे सिनेमे काय वाईट आहेत?

"मोकळ्या दर्यातला शार्क म्हंजे पडघ्याच्या नाक्यावरचा कुत्रा," तो म्हणाला. "पळायला जागा हाय. गुहेत कसा, वर दगड, खाली दगड, मागं शार्क." मग हॉलकडे एक नजर टाकून म्हणाला, "तुज्या घरासारखं."

माझी बायको उठून आत गेली. त्याला तेच हवं होतं, असं तेव्हा मला वाटलं.

आमची मूळची जमीन खाडीच्या बाजूला. वडिलांनी त्यातली काही विकून भिवंडीच्या नारपोलीत पत्र्याच्या शेडमध्ये कापड विणायचे आठ लूम टाकले. दादा सातवीनंतर लूमवर उभा राहिला आणि मी शाळेत गेलो, मग भिवंडीतच कॉलेजात, कॉमर्सला. हे वडिलांनी ठरवलं होतं. पण मीही लूमवर उभा राहतो, असं माझ्या तोंडून कधी निघालं नाही हेही खरं आहे. आज मी काल्हेरला एका गोडाउनच्या ऑफिसात बसतो, ट्रक कुठे निघाले ते बघतो, पंख्याखाली. दादाचं सगळं आयुष्य त्या शेडमध्ये गेलं.

चालू लूमच्या शेडमध्ये जो कधी शिरला नाही त्याला तिथला आवाज सांगून कळणार नाही. तिथे कोणी ओरडत नाही, ओरडून उपयोग नसतो. सगळे नुसत्या ओठांनी बोलतात, तोंड मोठं करून, आवाज न काढता, आणि हातांनी थोडं. डबा द्यायला जाऊन जाऊन मीही लहानपणीच ते शिकलो. दादा तर त्यात इतका मुरला की शेडच्या त्या टोकाच्या कारीगराने शिवी दिली तरी त्याला इकडे कळायची. पाठीमागून दिलेलीही. खांबाला त्याने एक गोल आरसा टांगला होता, हिरव्या प्लॅस्टिकच्या कडेचा. लोकांना वाटायचं, शेठला, म्हणजे दादाला, भांग पाडायचा शौक आहे. खरं म्हणजे मागच्या रांगेत कोण कोणाला काय म्हणतं ते तो त्यात वाचायचा. हे मला माहीत होतं. मला हे लहानपणापासून माहीत होतं, एवढं वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

त्याचे कान गेले ते त्याला स्वतःलाही कळलं नाही, कारण दिवसभर तो जिथे असायचा तिथे कोणालाच काही ऐकू येत नसे. आम्हाला कळलं ते वडील गेले तेव्हा. आतल्या खोलीत आईने हंबरडा फोडला आणि दादा ओटीवर पाठमोरा बसून चहा पीत राहिला. मी जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून त्याने बशी खाली ठेवली. पुढे कानाचं मशीन आणलं. त्याने ते दोन दिवस लावलं आणि म्हणाला, यात पुन्हा लूमच ऐकू येतात. मशीन कपाटात गेलं.

वहिनी काविळीने लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. आई गेल्यावर दादा शेडमागच्या खोलीत राहायला लागला. मग धंदा बसला. आजूबाजूच्या शेड एकेक करून बंद पडल्या, तशी आमचीही पडली. लूम भंगारवाल्याने फोडून नेले. शेड दुसऱ्याला भाड्याने गेली आणि दादा आमच्याकडे काल्हेरच्या फ्लॅटवर आला. एक हॉल, एक बेडरूम, किचन. मुलगी नुकतीच अकरावीला. दादाचं अंथरूण हॉलमध्ये. येताना त्याने कपड्यांच्या पिशवीबरोबर तो आरसा आणला आणि पहिल्याच दिवशी हॉलच्या भिंतीला खिळा ठोकून टांगला, टीव्हीच्या शेजारी, सोफ्यासमोर.

आमच्यात त्या दिवसापासून जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडणात दोघं बोलतात. दादा बोलायचा, आणि बहिऱ्या माणसाचा आवाज त्याच्या ताब्यात नसतो. पहाटे तो "च्याय" असं ओरडायचा तेव्हा जिन्यातला कुत्रा भुंकायचा. पाहुण्यांसमोर मोठ्याने म्हणायचा, "भाजीत मीठ न्हाय. बारक्याच्या बायकोला मीठ परवडत न्हाय." बारक्या म्हणजे मी. बायकोने उत्तर द्यायला तोंड उघडलं की तो डोळे मिटायचा. त्याचं हे शस्त्र होतं. ऐकू येणाऱ्या माणसाला कान झाकावे लागतात, तेही पूर्ण झाकले जात नाहीत. दादाने डोळे मिटले की समोरचा माणूस संपला. तुम्ही बोलत राहा, नाहीतर नाचा. दोन-तीन मिनिटांनी एक डोळा किलकिला करून बघायचा, समोरचं तोंड बंद आहे ना ते, आणि मग दोन्ही उघडायचा.

माझी बायको वाईट नाही. तिने त्याचे कपडे धुतले, दमा उसळला की वाफ दिली. पण आरसा तिला सहन होईना. हॉलमध्ये कुठेही बसलं तरी तो माणूस आपल्याकडे पाठ करून आपल्याकडेच बघतोय असं वाटतं, ती म्हणाली. मी म्हणालो, तुला भास होतोय. हे मी म्हणालो तेव्हा मला खरं ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी दादा केस कापायला गेला असताना मीच आरसा काढून बाथरूममध्ये लावला. आल्यावर त्याने रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं.

"आरसा?"

"बाथरूममध्ये. दाराच्या समोर आरसा नसावा म्हणतात."

"कोण म्हनतं?"

"म्हणतात."

त्याच आठवड्यात त्याने माझ्या मुलीला सांगितलं, पाण्यातला एखादा पिक्चर लाव, अंधारातला. मुलीने फोनवर शोधून टीव्हीवर लावून दिला. पहिला गुहेतला शार्क तो. मुलीशी त्याचं बरं होतं. "मोठे काका, आज नवीन मिळालाय, यात गुहा पण आहे आणि बोट पण बुडते," असं ती सांगायची, नीट ओठ हलवून, आणि मग कानात बोळे घालून आत अभ्यासाला बसायची.

आणखी एक अट त्याने घातली. बाल्कनीचा पडदा ओढायचा नाही. बायको म्हणायची, उन्हामुळे चित्र नीट दिसत नाही. तो म्हणायचा, "पडदा लावला की कोंडतंय." दुपारचं ऊन सोफ्यावर, आमच्या तोंडावर यायचं. आम्ही घामाघूम होऊन बसायचो आणि तो टेबलावर हात ठेवून काळ्या पाण्यात बघत राहायचा.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला माझीच किळस येते, पण ते सोडून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. रविवारची ती दुपार हळूहळू आमची, म्हणजे माझी आणि बायकोची, बोलायची वेळ झाली. एरवी त्या घरात बोलायला जागाच नव्हती. दादा समोर असला की तोंडाकडे बघायचा. मुलगी घरात असायची. पण सिनेमा लागला की आवाजामुळे आत मुलीला काही कळायचं नाही, आणि दादाची पाठ आमच्याकडे. शेडमध्येही हीच रीत होती. शेठबद्दल काही बोलायचं तर त्याच्या पाठीमागे बोला, म्हणजे कोणाच्या बापाला कळत नाही. माझ्या अंगात ती रीत इतकी भिनलेली होती, की आरशामुळे तीच रीत दादाने शेडमध्ये मोडून काढली होती हे मी विसरलो. आरसा तर मीच उतरवला होता.

आम्ही बोलायचो. आधी तक्रारी. मग पडघ्याचं निघालं. पडघ्याला आमची मधली बहीण असते, तिचं घर रस्त्यापासून आत आहे, पुढे अंगण आहे, मुलगा टेम्पो चालवतो. दादाला तिथे कायमचा पाठवावा. बायको म्हणाली, "तुमचा भाऊ आहे, तुम्ही सांगा. मी सांगितलं तर बायकोने काढला असं होईल." सांगायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी युक्ती काढली. हॉलला रंग द्यायचा आहे, वासाने तुझा दमा उसळेल, महिनाभर ताईकडे राहा, असं सांगायचं. मग रंगवाला मिळत नाही, मग भिंतीला ओल आहे, मग मुलीची परीक्षा. बहिणीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "पाठव ना. पण खरं सांगून पाठव हां. मी त्याच्यासमोर नाटक न्हाय करणार." मी हो म्हणालो.

युक्तीवरच थांबलो असतो तर एक वेळ ठीक होतं. पण पाठीमागे बोलायची चटक लागते. मी त्याच्या आवाजाची नक्कल करायला लागलो. "च्याय," असं मी हळूच म्हणायचो आणि बायको तोंडाला पदर लावून हसायची. कित्येक महिन्यांनी ती माझ्यामुळे हसत होती. एका रविवारी ती म्हणाली, काही झालं तरी तुमचं शिक्षण त्यांच्या लूमवर झालंय, थोडं सांभाळून घ्या. तेव्हा समोर एक मुलगी अरुंद भोकातून टाकी ओढत होती, आणि मी म्हणालो, "लूमवर उभं राहायला अक्कल लागत नाही. म्हणून तर बाबांनी त्याला उभं केलं आणि मला शिकवलं." हे मी रागाच्या भरात म्हणालो नाही. हसत म्हणालो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी असेल. सिनेमा नेहमीसारखाच. वाट चुकलेले, दोरी तुटलेली, शेवटचा दिवा फडफडत होता. मी बायकोला सांगत होतो की रंगाचं येत्या शनिवारी बोलून टाकतो. तेवढ्यात दिवा विझला आणि टीव्ही काळा झाला. या सिनेमांत असा अंधार एकदा तरी येतोच, नुसता श्वासाचा आवाज आणि पडदा कोळशासारखा. इतके दिवस अशा वेळी मी टीव्हीकडे बघतच नव्हतो. त्या दिवशी पाहिलं. काचेत सोफा दिसत होता. उन्हात बसलेली आम्ही दोघं, बायकोच्या मंगळसूत्रातले मणीसुद्धा वेगवेगळे दिसत होते, आणि माझं तोंड हलत होतं. खाली कोपऱ्यात दादाचा चेहरा होता. त्याची नजर थेट माझ्या ओठांवर होती. मग शार्कचा जबडा आला, पडदा उजळला आणि आम्ही सगळे पुसले गेलो.

मी अर्ध्यावर थांबलो. बायको म्हणाली, "काय झालं? पुढे बोला ना." मी पुढचा अंधार यायची वाट बघत बसलो. त्या सिनेमात कोण जगलं, कोण मेलं, मला आठवत नाही. पुन्हा पडदा काळा झाला तेव्हा मी आवाज न काढता, शेडमध्ये बोलायचो तसे नुसते ओठ हलवले.

'दादा, चहा पाहिजे?'

"नको," दादा म्हणाला, मागे न वळता, त्याच्या नेहमीच्या आवाजात.

"काय नको?" बायको दचकली. "त्यांना कोणी काय विचारलं?"

मी तिला ते रात्री सांगितलं तेव्हा ती आधी रडली आणि मग म्हणाली, "सगळं वाचलं असेल? ते अकलेचं पण?" मी म्हणालो, सगळं नसेल, अंधार थोडाच वेळ असतो. पण आपण दीड वर्ष बोलत होतो आणि दीड वर्ष तो अंधारातले सिनेमे मागून घेत होता. घरातला उजेड-अंधार त्याने बघून ठेवला होता, पडदा उघडा ठेवून घेतला होता. शार्ककडे त्याचं लक्ष कधी नव्हतंच.

आठवडाभर तो काही बोलला नाही. पहाटेचा चहासुद्धा ओरडून मागितला नाही. स्वतः उठून करायचा आणि माझाही कप ठेवायचा, झाकण घालून. त्या झाकलेल्या कपाइतका राग मला आयुष्यात कशाचा आला नसेल. मला वाटत होतं त्याने शिव्या द्याव्यात. मीच मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो. तू चोरून बघितलंस, भावाच्या घरात राहून भावावर पाळत ठेवलीस. असं म्हटलं की मला दोन घटका बरं वाटायचं.

शनिवारी जेवताना त्याने ताटावरून मान वर केली.

"रंग कनचा देताय?"

बायकोचा हात वरणाच्या पातेल्यात थांबला. मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. "कसला रंग, पप्पा?"

"हॉलला," दादा म्हणाला. "पांढरा द्या. डाग बरे दिसतात त्याच्यावर."

"दादा, ते अजून काही..."

"तू आत जा गं पोरी," तो मुलीला म्हणाला. ती ताट घेऊन आत गेली. मग तो माझ्याकडे वळला. पहिल्यांदाच त्याने आवाज काढला नाही. नुसते ओठ. शेडमध्ये बोलायचा तसं, मोठं तोंड करून. 'तोंडावर बोल. सोफ्यावर बसून बोलतोस ते इथं बोल.'

मीही आवाज न काढता बोललो. बायको आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली, तिला काही कळत नव्हतं. मी म्हणालो, 'तसं काही नाही, दादा. तू राहा इथेच.'

'खोटं. खोटं बोलताना तुजा खालचा ओठ आत जातोय. ल्हानपणापासून.'

'नाही.'

'मना पडघ्याला जायचं दुःख न्हाय,' त्याचे ओठ म्हणाले. 'बहीण हाय ती. एवडंच सांग, तू मना पाठवतोयस. रंगवाला न्हाय, ओल न्हाय, तू. बोल. जातो मी.'

माझं सगळं आयुष्य बघा कशावर आलं होतं. आवाजसुद्धा काढायचा नव्हता. चार शब्द ओठांनी म्हणायचे होते. ते म्हटले असते तर त्याची मान ताठ राहिली असती, असं मला आज वाटतं. निदान भावाने समोर बसवून सांगितलं एवढं तरी त्याच्याकडे राहिलं असतं. मी पाण्याचा तांब्या उचलला, प्यायलो, आणि पुन्हा म्हणालो, 'तसं काही नाही.'

दादाने डोळे मिटले. उरलेलं जेवण तो तसाच, चाचपत जेवला.

रविवारी सकाळी त्याची पिशवी भरलेली होती. मी म्हणू शकलो असतो, नको जाऊस. पिशवी मीच उचलली. भिवंडीच्या स्टँडपर्यंत रिक्षा, तिथून पडघ्याची गाडी. तो खिडकीशी बसला आणि मी त्याच्या शेजारी. खिडकीच्या काचेत ऊन होतं, काही दिसत नव्हतं, तरी मी सबंध रस्ता तोंड घट्ट मिटून बसलो. एकदाच तो बोलला, आख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा. "अक्कल न्हाय म्हनून लूमवर उभा केला. बाबा हुशार व्हते." पुढच्या सीटवरच्या बाईने वळून बघितलं. मी हायवेच्या कडेची गोडाउनं बघत राहिलो.

आरसा बाथरूममध्येच राहिला होता. तो विसरला की मुद्दाम ठेवून गेला, मला माहीत नाही.

त्यानंतर मी तिथे जायचं टाळलं. फोनवर त्याच्याशी बोलता येत नाही ही सबब आयतीच होती. बहिणीला विचारलं, चिठ्ठी लिहून पाठवू का? तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, "चिठ्ठी कशाला? मी काय सरकारी हापीस हाय?" शेवटी मुलीचा बारावीचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन गेलो. मुलीने माझ्या फोनमध्ये एक सिनेमा भरून दिला होता, गुहेतल्या शार्कचा. "मोठ्या काकांना दाखवा," म्हणाली. तिला आजही वाटतं त्याला शार्क आवडतात.

तो अंगणातल्या बाकावर बसला होता. बारीक झाला होता, पण दाढी केलेली होती. माझ्याकडे बघून म्हणाला, "कान असलेला आला." भाच्याची बायको हसली आणि मग तिला वाटलं हसायला नको होतं. पेढा त्याने घेतला, मुलीला किती टक्के पडले ते विचारलं, चांगले आहेत म्हणाला. मी फोन पुढे केला.

"उजेडात काय दिसनार हाय त्यात," तो म्हणाला. "आनि आता कशाला? इथं सगळी समोर बसून बोलतात. ही तर तोंडावर शिव्या देते." त्याने बहिणीकडे बोट केलं.

"देते," बहीण म्हणाली. "खाताना भात सांडतोस ते?"

मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो, मग वळून समोर तोंड केलं. येताना सगळा रस्ता जुळवलेली वाक्यं होती. 'दादा,' मी सुरुवात केली, नुसत्या ओठांनी, 'मी तुला...'

त्याने डोळे मिटले.

मी थांबलो. तो एक डोळा उघडून बघेल म्हणून थांबलो. त्याने उघडला नाही. ऊन त्याच्या पापण्यांवर होतं. मग मला काय झालं कोणास ठाऊक, मी मोठ्याने बोलायला लागलो. तुला मीच पाठवलं, रंगाचं खोटं होतं, ते मी रचलं होतं. तुझ्या आवाजाची मी नक्कल करायचो. अकलेचं ते वाक्य मी जसंच्या तसं म्हणालो, आणि ते म्हणताना मी हसत होतो हेही सांगितलं. आरसा मी काढला, तिने नाही. बाबा गेले तेव्हा तू चहा पीत होतास ते मी लोकांना गंमत म्हणून सांगत आलो, हेही. पापडाचं कापड उचलायला आलेली शेजारीण कुंपणाशी थबकली. भाच्याची बायको दारात आली. भाचा टेम्पोखालून बाहेर आला, हाताला ग्रीस तसंच. बहीण पायरीवर बसून पदराने तोंड पुसत होती. त्या वाडीतल्या प्रत्येकाने माझं सगळं ऐकलं. ज्याला ऐकवायचं होतं तो डोळे मिटून बसला होता. त्याचा एक तळहात आमच्या मधल्या फळीवर पसरलेला होता. हाताला शब्द कळत नाहीत, हे मला माहीत आहे.

माझं बोलणं संपलं. बऱ्याच वेळाने त्याने एक डोळा किलकिला केला, माझं तोंड बंद आहे ते बघितलं, आणि दोन्ही उघडले.

"झालं?"

मी मान हलवली.

"मग जा आता. नाक्यावर जीप भरली असंल."

मी उठलो. अंगणाच्या दगडी गडग्यापाशी पोचलो तेव्हा मागून त्याचा आवाज आला, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा. "आरसा पाठव तो माजा. दाढी करताना त्रास व्हतो."

मी वळलो आणि तोंड मोठं करून, आवाज न काढता म्हणालो, 'आणून देतो.'

तो दुसरीकडे बघत होता.